जुनी लेन्स, साधा ट्रॅकर आणि अठरा अंशांवरचा ध्रुवतारा

भंडारदऱ्याजवळच्या रतनवाडीतल्या एका अंगणात डिसेंबरच्या रात्री मी मृग नक्षत्राच्या ८४ फ्रेम्स घेतल्या. दोन वाजेपर्यंत बोटं आखडली होती, पण स्वारी खुशीत होती. दुसऱ्या दिवशी घरी येऊन लॅपटॉपवर उघडल्या, तर एकूण एक तारा बत्ताशाएवढा. मधे कधीतरी लेन्सवर दव धरलंय का ते बघायला मी वाकलो होतो. तेव्हा कोपर लागून फोकसची रिंग केसभर सरकली असणार. ती जागेवर धरून ठेवायला आणलेली चिकटपट्टी बॅगेतच राहिली होती.

लेन्स चाळीसेक वर्षं जुनी. साहजिकच पहिला आळ तिच्यावर घेतला, आणि तो खोटा होता. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढण्याच्या या छंदात नवीन येणारे लोक ‘कुठली लेन्स घेऊ’ यावर दोन महिने घालवतात आणि फोकसवर दोन मिनिटं. ध्रुवतारा साधण्याचं, म्हणजे ताऱ्यांमागे कॅमेरा फिरवणाऱ्या ट्रॅकरचा अक्ष ध्रुवाकडे लावण्याचं, तर नावच नको. दुसरी अडचण अशी, की इंटरनेटवरचे बहुतेक धडे ४० ते ५० अंश अक्षांशावर राहणाऱ्यांनी लिहिलेले असतात. आपण राहतो १५ ते २२ अंशांत. आपला ध्रुवतारा बुटका, आपला पावसाळा चार महिन्यांचा, आणि दक्षिणेचं आकाश त्यांच्यापेक्षा कितीतरी सरस. म्हणून हा लेख इथल्या अंगणातून लिहिलाय.

जुनी लेन्स का चालते

रात्रीच्या आकाशापुढे कॅमेऱ्याची बरीच हुशारी फुकट जाते. ऑटोफोकसला तारे सहसा पकडता येत नाहीत, ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) बंदच ठेवायचं असतं. उरतं काय? चांगली काच आणि हाताने फिरवायची रिंग. फिल्मच्या जमान्यातल्या लेन्समध्ये ही रिंग लांब आणि जड फिरते, जिथे सोडाल तिथे थांबते. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या आजच्या किट लेन्सची रिंग अर्धा सेंटिमीटर फिरली की अनंतापासून अंगणापर्यंत सगळं पार.

दुसरा हिशेब व्यासाचा: लेन्सच्या मिमीला एफच्या आकड्याने भागलं की तो मिळतो. किट लेन्स १८ मिमीवर एफ/३.५ ला वापरली तर प्रकाश आत घेणारं छिद्र (ॲपर्चर) जेमतेम ५ मिमीचं असतं. जुनी १३५ मिमी लेन्स एफ/४ ला ठेवली तर तेच छिद्र जवळपास ३४ मिमीचं होतं. अंधूक तारे उमटायला हा व्यास कामाला येतो.

अर्थात तारा म्हणजे लेन्सची सगळ्यात कडक परीक्षा. माणसाच्या फोटोत जे दोष ‘मऊपणा’ म्हणून खपून जातात, ते इथे उघडे पडतात. पूर्ण उघड्या ॲपर्चरला कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, ठळक ताऱ्यांभोवती निळं-जांभळं वलय येतं. दोन्हीवर पहिला उपाय एकच, ॲपर्चर एक ते तीन घरं बंद करा. ५० मिमी एफ/१.४ असेल तर २.८ किंवा ४ ला वापरा. १३५ मिमी एफ/३.५ असेल तर ४ किंवा ५.६ ला. एफ/१.४ साठी जास्तीचे पैसे मोजू नका, आकाशाकरता तो आकडा तुम्ही वापरणारच नाही.

काय घ्यायचं, कसं तपासायचं

माझं मत सरळ आहे. ५० ते १३५ मिमीमधली एक प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्या. ऐंशीच्या दशकातल्या झूम लेन्स कितीही स्वस्त मिळाल्या तरी सोडून द्या, आणि जुन्या २८ मिमीच्याही मागे लागू नका, त्यांचे कोपरे क्वचितच बरे असतात. पेंटॅक्सच्या टाकुमार ५० आणि १३५, निकॉनच्या जुन्या हाताने फोकस करायच्या ५०, १०५ आणि १३५, कार्ल झाइस येनाची १३५ एफ/३.५, रशियन ज्युपिटर-३७ए: यांतली जी चांगल्या अवस्थेत सापडेल ती. झेनिट कॅमेऱ्यांबरोबर आलेली हेलिओस ४४-२ सुद्धा चालते. ती ५८ मिमी एफ/२ असते. तिच्या पार्श्वभूमीच्या गरगरीवर पोर्ट्रेटवाले फिदा असतात. आपण एफ/४ ला आणून ती गरगर घालवायची.

लेन्स शोधायची तर घरापासून सुरुवात करा. कुणा काकांचा बंद पडलेला फिल्म कॅमेरा माळ्यावर असतोच. लग्नाचे फोटो काढणाऱ्या जुन्या स्टुडिओंमध्ये निकॉनच्या लेन्स पडून असतात. मुंबईत फोर्टातला बोरा बाजार कॅमेऱ्यांसाठीच ओळखला जातो, आणि नशीब अजमावायचं असेल तर चोरबाजार आहेच.

दुकानात मोबाइलची टॉर्च सोबत हवीच. लेन्सची दोन्ही झाकणं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने तिरका प्रकाश टाका आणि पुढून बघा. धुळीचे चार कण दिसले तर दुर्लक्ष करा, फोटोत ते उमटत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी. कडेला एखादा ठिपका असेल तर भाव पाडून घ्या. मधोमध पसरली असेल तर फुकट मिळाली तरी नको, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही धुरकटपणा उरतो. मग ॲपर्चरची रिंग फिरवून पाती बघा. त्यांवर तेलाची चमक असेल तर ती चिकटतात. शेवटी फोकसची रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. मधे ती अडखळत असेल किंवा सैल गदगदत असेल तर रात्री तीच तुमचा जीव घेईल.

टाकुमार ५० एफ/१.४ च्या बऱ्याच प्रतींची काच चहासारखी पिवळट दिसते. त्या काचेत थोरियम आहे, आणि त्याच्या किरणोत्सर्गाने ती वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते. घाबरू नका. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवली की पिवळेपणा बराच उतरतो. पुष्कळ लोक खिडकीत उन्हाला ठेवतात. फक्त ऊन काचेतून एकवटून मागे कशावर पडत नाही ना ते बघा, नाहीतर पडदा पेटायचा.

तुमच्या कॅमेऱ्याला बसेल का

इथे थोडं गणित आहे, पण एकदाच. प्रत्येक लेन्स मागच्या चकतीपासून सेन्सरपर्यंत ठरावीक अंतर मागते. एम४२ हे जुनं आट्यांचं माउंट (लेन्स कॅमेऱ्याला बसवायची जोडणी) ४५.४६ मिमी मागतं. कॅननच्या ईएफ डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यांत) हे अंतर ४४ मिमी आहे, म्हणजे मधे दीड मिमीचा पातळ अ‍ॅडॅप्टर टाकला की झालं. निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ते ४६.५ मिमी आहे, म्हणजे आधीच जास्त. तिथे एम४२ लेन्स अनंतावर फोकसच होत नाही. त्यावर काचेचं भिंग बसवलेले अ‍ॅडॅप्टर मिळतात, पण ते घेऊ नका, चांगल्या काचेमागे स्वस्त काच लावल्यासारखं ते होतं. निकॉनवाल्यांनी सरळ जुनी निकॉनचीच लेन्स शोधावी. ती डी३००० किंवा डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यावर थेट बसते. प्रकाशमापन चालत नाही, पण आपल्याला ते नकोच आहे. आरसा नसलेला मिररलेस कॅमेरा असेल तर काळजीच नाही, जवळजवळ सगळंच बसतं.

दोन बारकावे लक्षात ठेवा. मिररलेसमध्ये ‘लेन्स नसताना शटर चालू द्या’ अशा अर्थाची एक सेटिंग असते, ती सुरू करा. नाहीतर कॅमेरा लेन्स ओळखतच नाही आणि काळोखात तुम्ही मेनू चाळत बसता. आणि अ‍ॅडॅप्टर दोन बोटांत धरून हलवून बघा. किंचित जरी खेळ असेल तर फ्रेमच्या एका बाजूचे तारे कायम लांबट येतील, आणि तुम्ही ट्रॅकरला शिव्या घालाल.

ट्रॅकर म्हणजे काय करतो

पृथ्वी २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरी मारते. म्हणजे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतं. नेहमीच्या एपीएस-सी (बऱ्याच हौशी कॅमेऱ्यांतल्या आकाराच्या) सेन्सरवर, पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा धरला तर, ५० मिमी लेन्समागे एक पिक्सेल आकाशाच्या १६ विकला व्यापतो. थोडक्यात, ट्रॅकर नसेल तर तारा सेकंदाला एक पिक्सेल पळतो. १३५ मिमीला सेकंदाला अडीच. ट्रॅकर कॅमेऱ्याला त्याच वेगाने उलट फिरवतो, एवढंच त्याचं काम.

विकत घ्यायचा तर स्काय-वॉचरचा स्टार अ‍ॅडव्हेंचरर किंवा आयऑप्ट्रॉनचा स्कायगायडर हे वर्षानुवर्षं वापरात असलेले पर्याय आहेत. यांच्या डायलवर वेगाचे बरेच पर्याय असतात: तारे, चंद्र, सूर्य, अर्धा वेग. ताऱ्याच्या खुणेवर ठेवा, आणि उत्तर गोलार्ध निवडलाय ना तेही बघा. दक्षिण राहिला तर तारे दुप्पट वेगाने पळतात.

पैसे घालायचे नसतील तर स्वतः करा. दोन फळ्या, एक दणकट बिजागरी, एक बोल्ट. स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी सुचवलेली ही युक्ती १९७५ साली ‘स्काय अँड टेलिस्कोप’ मासिकात आली आणि जगभर पसरली. हिशेब असा: १ मिमी अंतराच्या आट्यांचा एम६ बोल्ट बिजागरीच्या अक्षापासून २२८.६ मिमीवर बसवायचा आणि मिनिटाला बरोबर एक फेरी द्यायची. बोल्टला मोठी चकती लावून ती घड्याळाच्या सेकंदकाट्याबरोबर सावकाश फिरवत राहिलं तरी चालतं, मान मात्र दुखते. मिनिटाला एक फेरी मारणारी छोटी गिअर मोटर लावली तर आराम. सरळ बोल्ट असेल तर दहा मिनिटांनी फळी परत मिटवून पहिल्यापासून सुरुवात करा, त्याच्या पुढे वेगातली चूक वाढत जाते. ५० मिमीसाठी हे यंत्र पुरेसं आहे, १३५ मिमीसाठी त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

रात्र आणि जागा

भिंतीवरच्या कॅलेंडरात वद्य एकादशी ते शुद्ध चतुर्थी हे दिवस बघा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात स्वच्छ. मार्चनंतर राब जाळणं, वणवे आणि धुरळा यांमुळे क्षितिजाजवळचं आकाश दुधट होतं, पण एखादी अवकाळी सर येऊन गेली की दुसरी रात्र सोन्यासारखी मिळते.

मुंबई-पुणेकरांसाठी भंडारदरा परिसर सोयीचा. विदर्भातल्यांना पेंच जवळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये तो भारतातला पहिला डार्क स्काय पार्क (काळोखं आकाश जपणारी जागा) म्हणून जाहीर झाला. अगदीच नवखे असाल तर पहिल्या रात्री एकटे जाऊ नका. मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम होत आले आहेत, पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे. कुणाच्या तरी शेजारी ट्रायपॉड लावून शिकणं सगळ्यात लवकर होतं.

आणि जिथे उतराल तिथे दिव्याचं आधी बोलून घ्या. त्या रतनवाडीच्या रात्री मी घरमालकिणीला म्हटलं, “मावशी, अंगणातला दिवा रात्रभर बंद ठेवला तर चालेल का?” त्या म्हणाल्या, “ठेवा की. पण एवढ्या काळोखात तुम्हाला दिसतंय काय?” कॅमेऱ्याच्या पडद्यावर मृगातला तेजोमेघ दाखवला, तर त्यांनी शेजारच्या दोन घरांतले दिवेही स्वतः जाऊन बंद करायला लावले.

ध्रुव साधणं

ट्रॅकरचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर हवा. ध्रुवताऱ्याची उंची म्हणजे तुमचा अक्षांश: पुण्यात साडेअठरा अंश, मुंबईत १९, नागपुरात २१, पणजीत साडेपंधरा. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण १० अंशांची. म्हणजे क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी. सह्याद्रीत उत्तरेला डोंगर असेल तर ध्रुवतारा गेलाच. म्हणून जागा दिवसा बघा आणि उत्तर मोकळी आहे ना याची खात्री करा. दक्षिणेचं दृश्य कितीही सुंदर असो, उत्तर आधी.

मी हे या क्रमाने करतो.

१. ट्रायपॉडचा एक पाय उत्तरेला. आपल्या अक्षांशावर ट्रॅकर जवळजवळ आडवा झोपतो आणि कॅमेऱ्याचं वजन उत्तरेकडे लोंबतं. त्याच्या खाली पाय नसेल तर सगळा संसार तोंडावर पडतो. मधला दांडा वर काढू नका, पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणा.

२. ट्रॅकरखालच्या माउंटच्या उंचीच्या पट्टीवर आपला अक्षांश लावा. फोनच्या होकायंत्राने उत्तर धरा. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहून कमी फरक आहे. फोन मात्र ट्रायपॉडच्या धातूपासून लांब धरा.

३. ध्रुवतारा ओळखा. सप्तर्षी वर असतील तर पुलहापासून क्रतूकडे (चौकोनाचे शेपटीपासून लांबचे दोन तारे) जाणारी रेघ पुढे वाढवा. नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेच्या एम आकारावरून अंदाज घ्या.

४. ट्रॅकरमधल्या छोट्या ध्रुवदुर्बिणीतून बघत उंची आणि दिशेचे स्क्रू फिरवून तारा जागेवर आणा. तो खऱ्या ध्रुवावर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. त्या क्षणी तो ध्रुवाच्या कुठल्या बाजूला आहे हे घड्याळाच्या तबकडीसारखं दाखवणारी मोफत ॲप मिळतात, त्याप्रमाणे ठेवा.

५. आता कॅमेरा चढवा, लक्ष्याकडे वळवा, सगळे स्क्रू आवळा, आणि ध्रुवतारा पुन्हा तपासा. वजनाने तो हललेला असतोच. ही पाचवी पायरी गाळणारे लोक पुढे रात्रभर कुढत बसतात.

किती अचूक लागतं? ध्रुवतारा नुसता दुर्बिणीच्या मधोमध धरला, बाजूचा फरक सोडूनच दिला, तरी एका मिनिटात तारा जास्तीत जास्त १० विकला सरकतो. ५० मिमीला हा अर्ध्या पिक्सेलहून थोडा जास्त, म्हणजे दिसणारही नाही. १३५ मिमीला पावणेदोन पिक्सेल, म्हणजे खटकेल. म्हणून पहिले दोन महिने ५० मिमीवरच काढा असं मी सांगतो.

डोंगराने ध्रुवतारा झाकलाच असेल तर ताऱ्यांचं घसरणं बघून जुळवता येतं. मृगाच्या बाणातला सगळ्यात वायव्येचा तारा जवळपास खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेघेवर) आहे. तो दक्षिणोत्तर रेषेवर आला की लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या थेट चित्रात) दहापट मोठा करून पाच मिनिटं बघा. दक्षिणेकडे घसरत असेल तर अक्ष पूर्वेकडे गेलाय, उत्तरेकडे घसरत असेल तर पश्चिमेकडे. उंचीसाठी पूर्वेकडे उगवून वर येणारा विषुववृत्ताजवळचा तारा घ्या: दक्षिणेकडे घसरला तर अक्ष खाली आहे, उत्तरेकडे घसरला तर वर. वेळखाऊ आहे, पण जमतं.

फोकस

जुन्या लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास ठेवू नका. अ‍ॅडॅप्टर केसभर पातळ असतो, त्यामुळे रिंग अनंताच्या पुढेही जाते. व्याध किंवा अभिजितसारखा ठळक तारा फ्रेमच्या मध्याजवळ आणा, ॲपर्चर ज्या आकड्यावर वापरणार तिथेच ठेवा, लाइव्ह व्ह्यू दहापट करा. रिंग हळूहळू फिरवा. तारा बारीक होत जाईल, मग पुन्हा फुगेल. परत मागे या. ही मागे-पुढे पाच-सहा वेळा करा, दर वेळी कमी. मग ठळक तारा सोडून शेजारच्या अंधूक ताऱ्यांकडे बघा. फोकस नेमका असतो तेव्हा आधी न दिसलेले तारे अचानक उगवतात. ती खरी खूण.

आता चिकटपट्टी. रिंग आणि लेन्सचा न हलणारा भाग, दोन्हींवर मिळून लावा, बोटाने रिंग दाबू नका. एक फ्रेम घेऊन शंभर टक्के मोठी करून तपासा. मध्यरात्री तापमान उतरलं की पुन्हा एकदा तपासा.

एक छोटी युक्ती. ॲपर्चरची पाती बंद केली की ठळक ताऱ्यांना किरणं फुटतात: पाती सम असतील तर तितकी, विषम असतील तर दुप्पट. कुणाला ती आवडतात. नको असतील तर पाती पूर्ण उघडी ठेवा आणि लेन्सच्या तोंडावर फिल्टरची स्टेप-डाउन (तोंड लहान करणारी) रिंग लावा. १३५ मिमी लेन्सपुढे ३० मिमीचं गोल छिद्र ठेवलं की एफ/४.५ मिळतो आणि तारे गोल राहतात. रिंग नसेल तर काळ्या पुठ्ठ्याला कंपासने गोल कापून घ्या. ५० मिमीसमोर मात्र हे करू नका, कोपरे काळवंडतात.

फोटो घेणं

कॅमेरा मॅन्युअलवर, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली), लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, आयएसओ ८०० ते १६००. इंटरव्हलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो घेणारं साधन) नसेल तर निदान दोन सेकंदांचा टायमर, हाताने बटण दाबायचं नाही. ५० मिमीला एक ते दोन मिनिटं, १३५ मिमीला ३० ते ६० सेकंद. हिस्टोग्रामचा (पडद्यावरच्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर आला पाहिजे. पूर्ण डावीकडे चिकटला असेल तर वेळ वाढवा, मध्याच्या पुढे गेला असेल तर गावाच्या दिव्यांनी आकाश धुतलंय, वेळ कमी करा.

ट्रॅकरवरचं वजन तोलताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे गिअरचे दाते एकमेकांना टेकून राहतात. दर दहा-पंधरा फ्रेम्सनंतर कॅमेऱ्याची दिशा अगदी थोडी, काही पिक्सेलांपुरती, बदला. नाहीतर घरी सगळ्या फ्रेम्स एकावर एक जोडून एकच चित्र केल्यावर सेन्सरचे डाग तिरप्या रेघांसारखे दिसू लागतात.

किती फ्रेम्स? निदान एक तासाच्या. चौपट फ्रेम्स घेतल्या की नॉइज (चित्रातला खरखरीतपणा) निम्मा होतो. त्यामुळे पहिल्या तासाचा फरक डोळ्यांत भरतो, चौथ्या तासाचा फार नाही. आवरण्याआधी लेन्स न काढता आणि फोकस न हलवता आणखी दोन संच घ्या. लेन्सचं झाकण लावून तेवढ्याच वेळाच्या २० डार्क, म्हणजे सेन्सरचे डाग टिपणाऱ्या काळ्या फ्रेम्स. आणि लेन्सच्या तोंडावर पांढरा सुती शर्ट ताणून, पहाटेच्या एकसारख्या उजेडाकडे धरून २० फ्लॅट. जुन्या लेन्सचे कोपरे बरेच अंधारतात, आणि ते फ्लॅटनेच नीट होतात. पहाटे थंडीत हे नको वाटतं, तरी घ्या.

दव हा आपल्याकडचा खरा शत्रू. कोकणात तर रात्री अकरालाच काच ओली. पॉवर बँकेवर गरम राहणारी दवपट्टी लेन्सच्या पुढच्या भागाला गुंडाळा, दव धरण्याआधी. दव धरल्यावर रुमालाने पुसू नका. फोकसही हलेल आणि काचेवर चरेही पडतील.

कशावर लेन्स रोखायची

एपीएस-सी कॅमेऱ्यावर ५० मिमीमध्ये साधारण २६ बाय १८ अंशांचं आकाश मावतं, १३५ मिमीमध्ये १० बाय साडेसहा. डिसेंबर-जानेवारीत ५० मिमीने अख्खं मृग घ्या, काक्षीपासून राजन्यापर्यंत. १३५ मिमीने बाणाचे तीन तारे आणि खालचा तेजोमेघ एका फ्रेममध्ये. कृत्तिका, आणि नोव्हेंबरच्या संध्याकाळी देवयानी दीर्घिका, हीसुद्धा १३५ ची गिऱ्हाइकं. लाल तेजोमेघांच्या मागे सुरुवातीला लागू नका. हायड्रोजनचा लाल प्रकाश ६५६ नॅनोमीटरचा, आणि बाजारातल्या साध्या कॅमेऱ्याचा फिल्टर तोच बराचसा अडवतो.

आता आपल्या फायद्याचं. एप्रिलमध्ये मध्यरात्रीनंतर ज्येष्ठेकडे, वृश्चिकातल्या लाल ताऱ्याकडे, वळा. पुण्यातून ज्येष्ठा ४५ अंशांवर चढते. लंडनहून तीच जेमतेम १२ अंशांवर, तिथले लोक तिच्यासाठी विमानाची तिकिटं काढतात. ज्येष्ठेच्या शेजारचे पिवळे-निळे मेघ ५० मिमी आणि १३५ मिमी दोन्हींना जमतात, आणि जुन्या लेन्सच्या फिक्या कॉन्ट्रास्टमध्येही खुलून दिसतात. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ आपल्याकडे २४ अंशांवर येतो. आकाशगंगेचा गाभा मे महिन्यात जवळजवळ रात्रभर असतो, आणि जूनमध्ये तो ऐन रंगात येतो तेव्हा आपल्याकडे ढग. त्यामुळे गाभ्याचं काम फेब्रुवारीच्या पहाटेपासून मेपर्यंतच उरकायचं.

घरी आल्यावर

फ्रेम्स जोडायला सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर हे प्रोग्राम, दोन्ही मोफत. आधी सगळ्या फ्रेम्स एकेक करून बघा आणि लांबट ताऱ्यांच्या, विमानाच्या, ढगाच्या काढून टाका. माया करू नका. मग लाइट (आकाशाच्या फ्रेम्स), डार्क, फ्लॅट आपापल्या फोल्डरमध्ये टाकून जोडायला लावा. तयार झालेली प्रतिमा जवळजवळ काळी दिसेल. ती तशीच असते. कडा कापा, मग गावाच्या दिव्यांनी आलेली छटा काढून टाका, मग रंग जुळवा, आणि सगळ्यात शेवटी हळूहळू उजळा. हा क्रम उलटा केला की छटेसकट सगळंच उजळतं. ठळक ताऱ्यांभोवती जांभळं वलय उरलं असेल तर फक्त त्या रंगाची तीव्रता कमी करा.

पावसाळ्यात लेन्स

मे संपला की लेन्स कपाटात, चामडी कव्हरात, ठेवू नका. बुरशीला याहून चांगलं घर नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, तळाला सिलिका जेल, आणि आत बसेल असं छोटं आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. जेलचा रंग बदलला की जुन्या कढईत मंद आचेवर परतून कोरडं करा. स्वयंपाकाची कढई नको, जेलच्या रंगात विषारी रसायनं असू शकतात. ॲपर्चर उघडं ठेवा, ट्रॅकरमधले सेल काढून ठेवा. दर पंधरा दिवसांनी डबा उघडून फोकसची आणि ॲपर्चरची रिंग दोन-चार वेळा फिरवा, टॉर्च मारून काच बघा आणि लगेच झाकण लावा. मी हे रविवारी सकाळी करतो. चिकटपट्टीचं रीळही आता त्याच डब्यात असतं.